मासळीच्या पाटीवरचा डबा

कोपरखैरण्यात आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि घर तिसऱ्या मजल्यावर. तरीही बहुतेक गोष्टी दारात यायच्या. दुधाच्या पिशव्या कडीला अडकवलेल्या असत. किराणा दुकानात फोन केला की तासाभरात सामान वर येई. गिरणीवाला सकाळी गव्हाचा डबा घेऊन जाई आणि संध्याकाळी पीठ आणून देई. डबा तेव्हाही कोमट असे. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो, बायको वाशीला नोकरीला. ही माणसं नसती तर आमचं घर चाललं नसतं. त्या सगळ्यांचा मी आभारी आहे. पण मासळीवाल्या मावशींचे आभार वेगळे मानायला हवेत.

मावशी आमच्या सेक्टरमागच्या गावठाणातल्या, आगरी, पन्नाशीच्या. मासळीची पाटी घेऊन रोज या बाजूला फिरायच्या. आमची मुलगी नऊ वर्षांची होती त्या वर्षी सारखी आजारी पडू लागली. पोट फुगायचं, हातपाय काड्यांसारखे. वजन एकोणीस किलो, आणि ते वाढेना. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलं, हिला गहू चालत नाही, आणि हे आयुष्यभराचं आहे. चपाती, पाव, बिस्किट बंद. हिंगसुद्धा बंद, कारण त्यात मैदा असतो. ज्वारी चालेल, पण गव्हाच्या गिरणीत दळलेली नको. पिठाची धूळही नको.

आम्ही साताऱ्याकडचे. ज्वारीची भाकरी बायकोच्या हातची उत्तम, पण आमच्या गिरणीत दिवसभर गहू. तिनं मिक्सरमध्ये तांदूळ दळून भाकरी करून पाहिली. थापतानाच चिरायची. मुलगी दोन्ही वेळा नुसता भात खाई आणि शाळेत तिचा डबा तसाच परत येई.

एका सकाळी बोंबील निवडताना मावशींनी आत डोकावून पाहिलं.

"पोरीला काय झालंय गो? पार वालली हाय."

बायकोनं सगळं सांगितलं आणि चिरलेली भाकरीही दाखवली. मावशी हसल्याच.

"ही भाकरी हाय का पापड? घाटनीला तांदलाची भाकरी नाय जमाची, बाय. मी आनीन. आमचे घरान गहू हायेच कुठं? चपाती खायाची तं हाटेलान जावा लागतं."

मी विचारलं, "आणि दळण?"

"गावान गिरनी हाय. तिथं तांदूलच येतो. तू नको टेन्शन घेऊ, भाव."

दुसऱ्या दिवसापासून पाटीवर एक वेगळा डबा येऊ लागला. डब्याखाली केळीचं पान, वर धुतलेलं फडकं, मासळीचा वास लागू नये म्हणून. आत दोन भाकऱ्या, पांढऱ्या, मऊ, घडी घातली तरी न तुटणाऱ्या. पैसे त्या रोखठोक घ्यायच्या आणि आम्हालाही तेच सोयीचं होतं. मुलगी भाकरीला तूप-गूळ लावून न्यायची. डबा रिकामा परत येऊ लागला.

श्रावणात आमच्या इमारतीत कोणी मासळी घेत नसे. मावशींना या बाजूला यायचं काही कारण नव्हतं. तरी त्या यायच्या, पाटीशिवाय, हातात तेवढा डबा घेऊन, तीन मजले चढून. दारात दम खात म्हणायच्या, "तुमचा देव माजं मासं खाऊ देत नाय, पन भाकरीला कोन नाय बोलत नाय."

सहा महिन्यांत वजन बावीस किलोवर गेलं. मग ते थांबलं, आणि पुन्हा पोट फुगू लागलं, जुलाब सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातोय, शोधा.

साठ्यात फरक आला की शोधायचा कसा, हे माझं रोजचंच काम. एकेक वस्तू बाजूला काढली. मसाले बदलले, तिची भांडी वेगळी केली, शाळेत मैत्रिणींच्या डब्यातलं खातेस का ते विचारलं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, मी वास पण घेत नाही." शेवटी एकच गोष्ट उरली. बायको म्हणाली, "मावशींना कसं विचारायचं? एवढ्या जिव्हाळ्यानं आणतात." पण मुलीकडे बघवत नव्हतं. मी विचारलं.

"माज्या भाकरीवर आलास?" मावशींचा चेहरा लाल झाला. डबा तसाच उचलून त्या खाली उतरल्या. दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी आल्या त्या बोलतच.

"गिरनीवाल्याला मी चांगला झापला. गावान नव्या चाली झाल्यान, तुमचेच घाटी आलेत र्‍हायाला. त्यांना चपात्या लागतान. दोन महिनं झालं, त्याच जात्यान गहू दलतो मेला, आनी मना पत्ताच नाय!"

चूक कोणाचीच नव्हती. भाडेकरूंना गहू हवा होता, गिरणीवाल्याला धंदा, आणि मावशींनी सांगितलं ते सांगितलं तेव्हा खरंच होतं. मी म्हणालो, "मावशी, आता राहू द्या. आम्ही बघू काहीतरी."

"काय बघशील? सासूचं जातं माल्यावर पडलं व्हतं, ते काल खाली काढलं. सून नि मी दलतो. सून कुरकुरते, तिला सांगितलं, जिमला जातेस ना, मंग हीच तुजी जिम."

आज माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिच्यासाठीची पिठं आता पाकिटात मिळतात. ती घरी आली की मोबाइलवर मागवते आणि दहा मिनिटांत पाकीट दारात असतं. त्यावर गहू नसल्याचं छापलेलं असतं. मोठी सोय आहे, मी नावं ठेवणार नाही. तेव्हा मात्र असं पाकीट आमच्या माहितीत कुठे मिळत नव्हतं, आणि दोन बायकांनी रोज सकाळी जातं फिरवलं म्हणून ती जेवली.

जातं सुरू झाल्यावर वर्षभरानं पुन्हा रक्त तपासलं. रिपोर्ट चांगला आला. वजन पंचवीस किलो. मावशी डबा घेऊन आल्या तेव्हा मी तो कागद हातात धरूनच दार उघडलं आणि आकडे वाचून दाखवू लागलो, आधी किती होतं, आता किती आहे.

"कागद र्‍हाऊ दे रं," म्हणत त्यांनी पाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि मुलीला कमरेला धरून उचललं. जेमतेम वीतभर उचलून लगेच खाली ठेवलं. मुलगी खिदळत होती. मावशी दाराच्या चौकटीला टेकून धापा टाकत बायकोला म्हणाल्या,

"बाय, आता दोन भाकऱ्यांनी नाय भागाचं. उद्यापासून तीन आनीन."