गालावरचा गेरू

मालकिणीनं माजं तोंड पुसलं. भांडी पुसायच्या फडक्यानं. सगळ्या बायकांम्होरं.

मी तवा चौदा-पंधराची. घाटनांदूरला बागायतदाराच्या घरी लगीन व्हतं, मी अन् माय भांडी घासायला गेलतो. भिंतीला लावून जरा गेरू उरलता. म्या तो गोड्या तेलात कालवला, गालाला लावला, पापण्याला बी. नवरीवानी दिसावं वाटलं.

मालकीण म्हनली, "ऊसतोडीच्या पोरीला कशाला गं रंग? उनानं व्हतेत की गाल लाल!"

बाया हसल्या. मी बी हसले. मायनं मान वर केली न्हाई.

पुन्हा म्या तोंडाला काई लावलं न्हाई. उसाच्या पात्यानं गाल चिरायचे, तेवढाच रंग.

नात माजी, कोमल, अंबाजोगाईला पार्लरचं शिकली. नवरी नटवायचं पहिलं काम आलं ते त्याच घरातनं. मालकीण कवाच गेली, आता सून कारभारीण. निघायच्या आदी कोमलनं सोताचं तोंड रंगवलं. पापणीवर इटकरी, कडंला तांब्याचा रंग, मधी बोटानं जरासं सोनेरी. हसल्यावर गाल फुगतेत तिथं गाजरी, कानाकडं पसरवत नेलेलं.

"आज्जे, कशी दिसते?"

लई देखणी दिसत व्हती. अन् म्या पदर वला केला, तिचं तोंड धरलं, खसाखसा पुसलं. "ऊसतोडीच्या पोरीला कशाला गं रंग?"

तेच बोल. जशेच्या तशे.

कोमल रडली न्हाई. म्हनली, "आज्जे, हे बोलणं तुजं न्हाई. कुणाचं हाय?"

तिच्या गालावर वरखडा उठलता. माज्या लुगड्याच्या काठाचा. मालकिणीनं निदान फडकं घेतलतं. म्या पदर घेतला.

मग तिला गेरूचं सगळं सांगितलं. म्हनलं, पुन्यांदा लाव. वरखड्यावर रंग झोंबला, पर ती हालली न्हाई. तिची पेटी घिऊन मी बी संगं गेले.

सून दारातच म्हनली, "अगं बाई, नवरी कोण हाय मग? जा, आदी तोंड धुऊन ये."

कोमलनं माज्याकडं बघितलं. पहिलं काम व्हतं तिचं.

म्या पेटी खाली ठिवली न्हाई. "ती धुणार न्हाई. अशीच नटवंल नवरीला. न्हाईतर आमी चाललो."

"जावा की मग!"

गेलो. काम गेलं.

वरखडा चार दिसांत गेला. माजा दोष न्हाई गेला. जाऊ बी नये.

हा पदर आता माजा घाम पुसंल. पोरीच्या तोंडाला लागणार न्हाई. अन् दुसऱ्या कुणी हात लावला, तर तो हात मी धरीन. ऊस तोडताना उजव्यात कोयता घिऊन ऊस धरायची तसा. डाव्या हातानं.