टोचलं तरी कळेना

"टोचलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! कायी नाई," मी छाती फुगवून म्हणालो. यवतमाळच्या दवाखान्यात त्यांनी माझ्या मनगटावरच्या फिकट डागात टाचणी खुपसली होती. मला वाटलं, आता शाबासकी. आर्णीच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी उकळत्या चहाचा पेला मुठीत धरून मिरवायचो. ते शौर्य नव्हतं, हात बधिर झाला होता. डॉक्टर म्हणाले, "लेप्रसी आहे." म्हणजे महारोग.

मग स्किन स्मिअर. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन तिथला रस काचेवर घेतात, त्यात जंतू शोधतात. निकालाला आठवडा लागला. बायको रोज माझ्या शेजारीच ताट घेऊन बसायची. "लाज तर नव्हतीच तुमाले, आता टोचलेलंबी कयत नाई," म्हणायची आणि वाढायची.

जंतू सापडले नाहीत, म्हणजे माझ्यापासून कुणाला लागण नव्हती; पण डाग होताच. डॅप्सोनच्या गोळ्या मिळाल्या. त्या रोग मारतात, पण वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. 'संसर्ग नाही, कामास हरकत नाही' असा दाखलाही मिळाला.

जिनिंगच्या दिवाणजींनी तो टेबलावर ठेवायला लावला आणि हात न लावता वाचला.

"बरे व्हा, मग या."

"बराच आहो जी."

"मग आणखी बरे व्हा."

तीन खेपा झाल्या. तिसऱ्यांदा तर फाटकातूनच परत पाठवलं. वीस वर्षं कापसाच्या वजनाच्या चिठ्ठ्या लिहिलेला माणूस मी!

अस्पृश्यता बंदीचा कायदा झालाय, एवढं ठाऊक होतं. मला कुणी शिवत नव्हतं. म्हणजे मी अस्पृश्यच की! या हुशारीवर खूश होऊन वकील गाठला.

"जात?"

"कुणबी."

"मग हा कायदा तुमचा नाही. तो जातीच्या शिवाशिवीसाठी आहे."

"आन् रोगासाठी?"

"महारोग्यांना कोंडून ठेवायचा एक आहे. तो लावू?"

जिनिंगच्या फाटकावर शिपाई नामदेव भेटला. छप्पन साली तो बौद्ध झाला होता. वकिलाचं सांगितल्यावर खो खो हसला.

"बाबूजी, मले का कायद्यानं हात धरून आत नेलं? मी इथल्या पाण्याच्या माठाले हात लावला, शिव्या खाल्ल्या, पुन्हा लावला. कायदा निस्ता खिशात होता. तुमी तवा काय करून राह्यले होते?"

मी तेव्हा माठापाशीच होतो. पाणी पीत होतो. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतंच.

"चाला आता," तो म्हणाला.

तुमच्यापैकी कुणाच्या अंगावर असा बधिर डाग असेल तर आजच दवाखान्यात जा. दाखला मागून घ्या. आणि तो घेऊन कामावर परतताना एकटे जाऊ नका.

आम्ही दोघं आत शिरलो. मी हजेरीची वही ओढली.

"नामदेव, याले बाहेर काढ!" दिवाणजी ओरडले.

"त्याह्यच्यापाशी डॉक्टरचा कागद हाय. काढाचा कागद तुमच्यापाशी हाय का?"

मी सही केली. दिवाणजी लांबूनच बघत राहिले. सही खोडायची तर मी हात लावलेली वही त्यांना हातात घ्यावी लागली असती. त्यांनी घेतली नाही.

माझी नोकरी त्यांच्या भीतीनं वाचवली. वहीपर्यंत मला नेलं ते मात्र नामदेवानं.