पंक, परी आणि माझे लाल शेरे

माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि त्याला जबाबदार होती एक गिटार वाजवणारी परी. मी नव्हतो, असं मी घरात अजूनही सांगतो. कोणी ऐकत नाही.

ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार. आम्ही ठाकुर्लीला राहायचो. सुषमाची सोयरीक कल्याणच्या मिलिंदशी ठरलेली, साखरपुडा पंधरा दिवसांवर आलेला, आणि ही मुलगी दिवसभर एका जाड इंग्रजी पुस्तकात डोकं खुपसून बसलेली! त्याला वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर. परीक्षा कधीच संपली होती. मग कव्हर घालून लपवायचं काय?

"कोणी दिलं गं?"

"मिलिंदने."

झालं! बावीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांच्या फायली तपासलेला माणूस मी. साधा रजेचा अर्जसुद्धा संशय न घेता वाचलेला नाही. दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्याची रजा टाकली (पोट ठणठणीत होतं), सुषमा पुस्तक संपवून शिवणाच्या क्लासला गेली तसं ते उचललं आणि डिक्शनरी घेऊन बसलो.

काय ते पुस्तक! पंक म्हणून कसलं तरी आरडाओरड्याचं संगीत. ते वाजवणारी एक परी, तिच्या डोक्यावर कोंबड्यासारखा हिरवा तुरा, कानात सेफ्टी पिना. ड्रमवर ड्रॅगन. राजाने गाण्यावर बंदी घातलेली, आणि ही मंडळी तळघरात वाजवायला लागली की शहरातले दगडी राक्षस जागे होतात!

"अहो, वाचताय की झडती घेताय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"अगं, शुद्धीतला माणूस असलं वाचेल का? पोरगा गर्दुल्ला निघाला तर?"

"एवढा गुटगुटीत गर्दुल्ला?"

पण माझा हात सवयीने लाल पेनाकडे गेलाच. कोरा समास दिसला की मला राहवत नाही. पान चाळीस: 'कानात सेफ्टी पिना का? खुलासा मागवावा.' पान बावन्न: 'ड्रॅगन ड्रम वाजवतो. सोसायटीची परवानगी घेतली काय?' पान नव्वद: 'असली पुस्तकं वाचणाऱ्या मुलाच्या आईचं लक्ष कुठे असतं?' खाली तारखेसह सही!

खोटं कशाला बोलू, तिसऱ्या दिवशी मला त्या परीची काळजी वाटायला लागली. राजाने तिची गिटार जप्त केली तेव्हा मी 'हा अन्याय आहे' असा शेरा मारला. संशय मात्र कायम होता. रविवारी मिलिंदला समोर बसवून पुरावा दाखवायचा, असं ठरवून मी मासळी आणायला गेलो. परत येतो तो पुस्तक गायब!

"मिलिंद आलेला बाबा, घेऊन गेला. त्याच्या आईंना परत हवं होतं."

"आईंना?"

"त्यांचंच आहे ते. रिटायर्ड हेडमिस्ट्रेस ना त्या, त्यांना असलं भारी आवडतं. सगळ्या पुस्तकांना कव्हर घालतात."

मासळीची पिशवी हातात तशीच, आणि माझ्या डोळ्यांसमोर पान नव्वद.

"सुषमा, मी त्यात थोडं लिहिलंय. लाल पेनाने."

"बाबा!!" तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "त्यांनी लग्न मोडलं तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही!"

माझा सगळा तोरा उतरला. मनापासून लाज वाटली. तसाच रिक्षात बसलो आणि कल्याण गाठलं. मिलिंदच्या आई चष्मा लावून बसलेल्या, मांडीवर पुस्तक उघडं.

"या, या. पान नव्वदवर आहे मी."

"ते जरा ऑफिसच्या सवयीने..."

"हो, सहीसुद्धा आहे. माझं लक्ष कुठे असतं, विचारलंय तुम्ही. स्वयंपाकघरात नसतं, एवढं खरं."

"साखरपुडा..." मी कसाबसा पुटपुटलो.

"होणार की! इतकं बारकाईने वाचणारा माणूस आमच्या नात्यात दुसरा नाही. पण आता हे मला तपासू द्या."

साखरपुडा झाला, आणि पेढ्यांपाठोपाठ त्यांनी सगळ्यांसमोर ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं. प्रत्येक लाल शेऱ्याखाली हिरव्या शाईत उत्तर! 'पिना हौस म्हणून. तळघरात सोसायटी नसते.' शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'दुसरा भाग माझ्याकडे आहे. हवा असल्यास रीतसर अर्ज करावा.'

राजाचं पुढे काय झालं ते मला कळायलाच हवं होतं. पाहुण्यांच्या देखत पेन काढलं आणि पाच ओळींचा अर्ज लिहून दिला. विहीणबाईंनी तो तिथल्या तिथे तपासला. सात चुका निघाल्या.