दोन डबे लांबी

शाळेच्या बुटांवरून त्याचं नाव पडलं. बुटाचं टोक असं चकचकीत, की त्यात बघून भांग पाडावा. मागची टाच मात्र चिखलाने बरबटलेली. वर्गशिक्षकांनी एकदा विचारलं तर म्हणाला, "सर, मी तुमच्याकडे तोंड करून उभा असतो ना." तेव्हापासून तो पॉलिश. आधी वर्गात, मग गल्लीत, आणि पुढे पुढे तर आईसुद्धा चिडली की याच नावाने हाक मारायची.

दोष काही एकट्या त्याचा नव्हता. खाण तशी माती. बाबांचं पडद्यांचं दुकान होतं. पडदे, सोफ्याची कव्हरं, मिक्सरवर घालायची झालर लावलेली टोपडी, टीव्हीच्या रिमोटला शिवलेली प्लास्टिकची पिशवी. जगात जे जे उघडं आहे ते ते झाकणं हा त्या माणसाचा धंदाही होता आणि धर्मही. घरात खिडक्या चार होत्या आणि पडदे सात. उरलेल्या तीन पडद्यांमागे काय आहे ते पाहुण्याने विचारायचं नसे. एकामागे ओल होती, एकामागे भिंतीला गेलेला तडा, आणि तिसऱ्यामागे बाबांनी स्वतःच्या हाताने ठोकलेली, एका बाजूला कललेली फळी. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वाक्य त्या घरात जांभईइतकं सहज तोंडातून निघायचं.

आईचीही तीच तऱ्हा. तिला कुणी कसं चाललंय विचारलं, की ती जे काही चाललेलं नाही त्यावरून सुरुवात करायची. मुलगा गणितात नापास झाला तेव्हा शेजारणीला तिने सांगितलं, की त्याचा कल चित्रकलेकडे आहे. त्याने आयुष्यात एक चित्र काढलं होतं, तेही छापील चित्रावर पातळ कागद ठेवून.

गाडी घरामागे पाण्याच्या टाकीजवळ उभी होती, अर्थातच ताडपत्रीखाली. कधीकाळी चॉकलेटी असलेली, चार दारांची, बाबांनी कुणाकडून तरी जुनी घेतलेली. तिची बॅटरी गेली म्हणून ती बंद आहे असं घरात सगळे म्हणायचे. बॅटरी काय, दुकानात मिळते. खरी गोष्ट अशी, की बाबांनी ती मागे घेताना शाळेच्या फाटकावर घातली होती, भर सुटण्याच्या वेळी, शंभर पोरांसमोर. त्या दिवसापासून ते स्टेअरिंगला शिवले नाहीत. तीन वर्षं झाली तरी बॅटरी गेलेलीच होती.

आता या घरात वेगळी कोण, तर ताई. पॉलिशहून सहा वर्षांनी मोठी. शिकायला बाहेर होती, वसतिगृहात राहिली, त्यामुळे पडद्याआड बघायची या घरातली बंदी ती विसरली होती. आणि विश्वास ठेवायची वाईट सवयही बाहेरून लावून आली होती. तिला वळणरस्त्यापलीकडच्या औषधांच्या कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी लागली. पाळी इतकी सकाळची, की पहिली बस स्टँडवरून निघायच्या आत हिचं काम सुरू व्हायचं. गाडी हवी. गाडी नाही तर नोकरी नाही, असा तो सरळ हिशोब होता.

जेवताना हे बोलणं निघालं आणि पॉलिशने पाण्याचा घोट घेत जाहीर केलं, की आपली गाडी मी करून देतो. सोळा वर्षांचं पोर. सायकलची चेन पडली तर सायकल ढकलत घरी आणणारं. पण आईने लगेच शेजारी सांगून टाकलं, की आमच्याकडे गाडी नव्याने तयार होतेय आणि सगळं धाकटाच करतोय. बाबांनी मान डोलावली. ताईने तर ताटावरून उठून त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "केलीस ना, तर पहिल्या दिवशी मी तुला शेजारी बसवून नेईन."

खरं सांगायचं तर गाडी चालती करायचं जे काम होतं ते त्याने केलंच नाही. चौकातला मेकॅनिक दोनदा आला, इंजिन, क्लच आणि ब्रेक करून गेला, आणि पॉलिशने त्याला टॉर्च धरून दिली. तीही एक डोळा मोबाईलवर ठेवून. मेकॅनिकचा हात निघाला की हा आपला हात घालून फोटो काढायचा. हाताला ग्रीस कमी वाटलं तर डब्यातलं आणखी लावून घ्यायचा. फोटोखाली लिहायचा, 'कष्टाला पर्याय नाही.' कष्टाने वाचलं असतं तर लाजेने जीव दिला असता.

बॉडीचं काम मात्र त्याचं. आणि तिथे त्याची खरी विद्या उघडी पडली, म्हणजे झाकली गेली.

गल्लीच्या तोंडाशी एक डेंटर होता. गाड्यांचे पोचे काढायचे, गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, हा त्याचा धंदा. पण तो दिवसातला बराच वेळ दुसऱ्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवा असायचा. पॉलिशने त्याला गाडी दाखवली. डेंटरने न वाकता, उभ्या उभ्याच बुटाने दारं ठोकली आणि म्हणाला, इथे पत्रा कापावा लागेल, इथेही, खालीही. पॉलिशने विचारलं, दुसरं काही नाही का होणार. डेंटर म्हणाला, होतं की, लांबी भर.

आता लांबी म्हणजे ती गाडीवाल्यांची लांबी, मोजायची नव्हे. डब्यातून येते, कणकेसारखी मऊ. खड्ड्यात भरायची, वाळली की दगडासारखी होते, पॉलिश पेपरने घासून वरून रंग मारायचा. पोच्याला उत्तम. पण भोकाला ती म्हणजे तुटलेल्या पायाला पावडर. हे डेंटरने त्याला स्पष्ट सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्याच दमात दोन डबे विकले. गिऱ्हाइकाचं भलं आणि स्वतःचं भलं यांत त्याने कधी भांडण लागू दिलं नाही.

दोन डबे संपले. चाकांच्या कमानी, दाराच्या खालच्या कडा, डिकीची किनार, सगळीकडे थापलं. घासताना मात्र पोराने जीव लावला, हे मान्य करायला हवं. तळहाताने चाचपून, डोळा जमिनीला टेकवून, उजेड तिरपा पडला की कुठे लाट दिसते का ते बघून. एवढी मेहनत त्याने पत्रा कापून जोडण्यात घातली असती तर गाडी खरंच झाली असती. पण खोटं नीट करायला जे कष्ट पडतात ते करायची या घराण्याला कधीच ना नव्हती.

मग एका दुपारी त्याने चालकाच्या पायाखालची कुजकी मॅट ओढली. मॅटसोबत तळाचा पत्राही आला, वाळक्या पानासारखा चुरा होत. भोकातून खाली जमीन दिसत होती आणि जमिनीवरून मुंग्यांची रांग चालली होती. सीटचा पुढचा बोल्ट त्याच भोकाच्या कडेला लोंबत होता.

पोर थोडा वेळ मुंग्यांकडे बघत बसलं. मग उठलं, माडीवरची खिडकीची फाटकी जाळी आणली, तिची घडी घातली, वर वर्तमानपत्र, वर उरलेली लांबी. वाळल्यावर काळा रंग. वर नवी मॅट. बोटाच्या पेराने ठोकून बघितलं. ठक्‌ असा आवाज आला. या आवाजाचा फोटो काढता येत नाही याचंच त्याला वाईट वाटलं असणार.

नोकरीच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ताईने गाडी अंगणात पुढेमागे करून बघितली. ती बुटकी, म्हणून सीट पुढे ओढली. खाली काहीतरी करकरलं. तिने ब्रेकवर पाय दाबला तेव्हा मॅट किंचित खाली गेली आणि वर आली, जशी गादी जाते. ताईला तो नव्या मॅटचा मऊपणा वाटला. पॉलिश दाराजवळ उभा होता. त्याने ते बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तो आत गेला. स्वयंपाकघरात आईला म्हणाला, की गाडीत खाली थोडं कच्चं राहिलंय. आई म्हणाली, आता कशाला काढतोस, पोरगी आनंदात आहे. मग तो दुकानात बाबांकडे गेला. बाबा पडद्यांच्या रिंगा मोजत होते.

"बाबा, ताईच्या पायाखालचा पत्रा गेलाय. नुसतं वरून भरलंय."

बाबांनी रिंगांवरून नजर उचलली नाही. "मॅट टाकलीस ना वर?"

"टाकलीय."

"मग झालं तर."

झालं तर. एवढ्या दोन शब्दांत त्या माणसाने पोरीचा जीव मॅटखाली सरकवला आणि रिंगा पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या. आणि पोरगं? त्याने ताईला जाऊन सांगायचं होतं, ती पंधरा पावलांवर होती. नाही सांगितलं. सांगायला जीभ लागते, आणि या घरात ती फक्त चव घ्यायला वापरतात.

सकाळी अंगणात माणसं जमली. आईनेच जमवली होती. गाडी निळी झाली होती आणि खोटं कशाला बोला, झळकत होती. शेजारीण म्हणाली, अगदी शोरूममधून आल्यासारखी. पॉलिश बॉनेटजवळ उभा, पण आज मोबाईल खिशात. नव्या बुटांतली ताई डबा आणि पिशवी मागच्या सीटवर ठेवत होती.

डेंटरही चहाचा ग्लास घेऊन आला होता, आपल्या दोन डब्यांचं काय झालं ते बघायला. त्याने बाबांना विचारलं, "काय, लांबी किती गेली?"

बाबा छाती काढून म्हणाले, "चौदा फूट. डिकी धरून."

डेंटरला हसताना ठसका लागला. चहा नाकात गेला. ताईने मागे वळून विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे. डेंटर डोळे पुसत म्हणाला, तुमच्या इंजिनिअरला विचारा, लांबी म्हणजे काय ते. ताईने पॉलिशकडे बघितलं.

"काय रे? लांबी म्हणजे काय?"

सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं. असा मोका त्याने जन्मभर मागितला होता, सगळ्यांनी आपल्याकडे बघावं. तो म्हणाला, "लांबी म्हणजे... लांबीच."

ताई हसली, आत बसली, सीट पुढे ओढली. किल्ली फिरवली. इंजिन लागलं आणि आईने टाळ्या वाजवल्या. ताईने शेजारचं दार आतून उघडून त्याला हाक मारली, ये ना, तुझी जागा आहे.

तो शेजारच्या दाराकडे गेलाच नाही. तिच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाला, "ताई, उतर."

"अरे, उशीर होतोय मला."

"उतर ना. एक मिनिट."

ती उतरली. तो आत बसला, इंजिन बंद केलं, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं, उजवा पाय गुडघ्यातून वर घेतला आणि मॅटवर हाणला. पहिल्यांदा नुसता आवाज झाला. दुसऱ्यांदा तडकलं. तिसऱ्यांदा मॅट, लांबी, वर्तमानपत्र, जाळी, सगळं घेऊन पाय आरपार गेला आणि बूट खाली अंगणातल्या मातीवर उभा राहिला. बोल्ट सुटला. सीट त्याच्यासकट पुढे कलंडली.

 वरून माणूस गाडीत बसलेला, खालून त्याचा एक पाय जमिनीवर, असं ध्यान गल्लीने आधी बघितलेलं नव्हतं. त्याला अचानक सद्‌बुद्धी झाली वगैरे समजू नका. भित्रा होता, आणि भीतीने का होईना, जे तोंडाने सांगायचं ते लाथेने सांगितलं. एवढंच. पण त्या अंगणात तेवढंही दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं.

आई घरात धावली आणि येताना चादर घेऊन आली. पोराचा घोटा सोलपटला होता, पण चादर त्याच्यासाठी नव्हती. ती भोकावर टाकायला निघाली होती. ताईने ती तिच्या हातातून काढून घेतली. बाबा डेंटरला बाजूला नेऊन विचारत होते, की वरून एखादी जाड मॅट टाकली तर. डेंटरने चहाचा ग्लास तिथेच ठेवला आणि काम आठवल्यासारखा चालायला लागला. जन्मात पहिल्यांदा त्याला काम आठवलं.

ताईने कारखान्यात फोन लावला. सगळ्यांसमोर, नीट आवाजात सांगितलं, की आज मी येऊ शकत नाही, गाडीचा तळ गेलाय, हो, पहिलाच दिवस आहे हे मला माहीत आहे. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. ती ऐकत राहिली, कानशिलं लाल करून. शेवटी म्हणाली, उद्या बघते, काहीतरी करून येते. फोन ठेवला. उद्या ठेवतील का नाही, हे तिला कळलेलं नव्हतं, आणि कळलं असल्यासारखं तिने दाखवलंही नाही.

मग ती भोकाशी उकिडवी बसली. "अजून कुठे कुठे भरलीयेस?"

पॉलिशने पाय सोडवून घेतला, घोट्यातून रक्त येत होतं ते पुसलं नाही. बाबांचा कापडावर खुणा करायचा खडू ओट्यावर पडला होता, तो घेतला. पहिला गोल पुढच्या चाकाच्या कमानीवर काढला. दुसरा दाराच्या खाली. मग तिसरा, चौथा. इतक्या निगुतीने घासलेल्या, आरशासारख्या निळ्या रंगावर पांढरे गोल उठायला लागले. ताई मागोमाग चालत प्रत्येक गोलावर बोटाने ठोकून बघत होती. माणसं जवळ सरकली. शेजारीण मोजत होती, तेही मोठ्याने.

बाबा हळू आवाजात म्हणाले, "अरे, बस कर. लोक बघतायत."

पॉलिश गाडीखाली अर्धा शिरला होता. तिथूनच म्हणाला, "मग त्यांना म्हणावं, डाव्या बाजूला या. तिकडे जास्त आहेत."