लाल झालेलं सोनं

माझी थोरली बहीण माझ्या जन्माआधी भूकंपात गेली. लातूरकडच्या आमच्या गावात ढिगाऱ्यातून तिचं एक डूल तेवढं हाती आलं. घरात तिचं नाव कुणी काढत नसे.

पुढे नांदेडला मी सोन्याच्या नॅनोकणांवर काम करू लागले. डोळे दाखवायला आलेल्या आईला एकदा प्रयोगशाळेत नेलं. काचपात्रातलं लाल पाणी बघून ती थबकली.

"हे काय गं?"

"सोनं. इतकं बारीक केलं की पिवळं राहत नाही, लाल दिसतं. चांदीचं पाणी पिवळं दिसतं. तसली चांदी भाजलेल्या जखमेच्या पट्टीत घालतात, जंतू मरतात."

"आन् हे खाली बसत न्हाई?"

"नाही. कण एकमेकांना दूर लोटतात, तरंगत राहतात."

दुसऱ्या दिवशी तिनं डुलाचा एक मणी तोडून माझ्या हातावर ठेवला. "हिला तशी कर."

"आई, पुन्हा मणी होणार नाही त्याचा."

"नगं होऊ दे. नुसती बघंन."

मणी आम्लात विरला. त्यातलं तांबं वेगळं काढून द्रावण उकळत ठेवलं, सोन्याचे कण घडवणारं सायट्रेट घातलं. पाणी आधी काळपट झालं, मग लाल होत गेलं. काचेपलीकडे उभ्या आईनं बहिणीचं नाव घेतलं. मी ते तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

ते लाल पाणी बाटलीत भरून तिनं गावी नेलं, खिडकीत ठेवलं. फोनवर सांगायची, "आज लई उजळ दिसायली." घरी गेले की मी त्या खोलीत निजायचं टाळायचे. बाटलीकडे पाठ केली तरी कुणीतरी बघतंय असं वाटायचं.

उन्हाळ्यात फोन आला. "निळी पडली गं."

पाणी कमी झालं म्हणून तिनं बोअरचं पाणी ओतलं होतं. मी पोचेपर्यंत वरचं पाणी नितळ झालेलं, तळाशी काळा गाळ.

"बोअरच्या पाण्यात क्षार असतात. त्यानं कण एकमेकांना चिकटले. सोनं तेवढंच आहे, आई."

तिनं बाटली हलवली. गाळ वर उठला, गरगरला, हळूहळू बसला.

"पुन्हा खाली गेली," ती म्हणाली.

"दुसरा मणी दे. परत करते."

"नगं. परत परत कशाला काढायची तिला?"

ती चहा टाकायला उठली. मी खिडकीशी बसून राहिले, आणि नकळत माझ्याही तोंडून ते नाव निघालं.