थंड गाडीचा जबाब

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण लातूरची ती पांढरी ऑटोमॅटिक गाडी काही केल्या माझ्या डोक्यातून उतरत नाही. आठवली की अजून स्वतःचाच राग येतो.

खंडेनवमीची सकाळ होती. एका दालमिलच्या आवारात मालकाच्या जुन्या गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं. ड्रायव्हरने गिअर टाकला, पण गाडी जागची हलली नाही. लिंबू सरकलं असेल म्हणून मिलचे मुनीम ते नीट लावायला वाकले. तेवढ्यात ड्रायव्हरने रेस दिली आणि चाक त्यांच्या पायावरून गेलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

फिर्याद मालकानेच दिली. त्यांना सगळे अप्पा म्हणत. आदल्या दिवशी सुट्टीवरून ड्रायव्हर आणि मुनीम यांच्यात शिवीगाळ झाली होती, म्हणून ड्रायव्हरने डूख धरून गाडी अंगावर घातली, असं अप्पांचं म्हणणं. हमालांनीही तेच पाहिलं होतं. गाडी उभी होती, माणूस वाकला आणि गाडी सुटली. मी जिवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम लावलं. ड्रायव्हर उमरीकडचा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. कलम टिकलं असतं तर मुलींची लग्नं होईपर्यंत तो आतच राहिला असता.

दोन दिवस मी त्याला उलटसुलट विचारलं. "मुद्दाम न्हाई केलं, साहेब," यापुढे गाडं जाईना. गप्प बसणाऱ्या आरोपीची मला पहिल्यापासून चीड. माझा आवाज चढला, त्याची मान आणखी खाली गेली. गाडी हवालदाराने भर दुपारी शहरातून चालवत मोटार वाहन निरीक्षकाकडे नेली. अहवाल आला, यांत्रिक दोष नाही. मी दोषारोपपत्र लिहायला घेतलं.

मग एका सकाळी हजेरी झाल्यावर जप्तीच्या मोटारसायकली लावायला जागा हवी होती. हवालदार तीच गाडी पुढे घ्यायला बसला. गिअर टाकला तरी गाडी ढिम्म. "साहेब, ही तर उठूनच नाही राहिली," म्हणत त्याने रेस दिली, आणि गाडीने अशी उडी मारली की पाण्याचा ड्रम भिंतीवर जाऊन आपटला. सगळे हसले. मी मात्र बॉनेट उघडायला लावलं.

बॉनेटच्या आत नांदेडच्या एका गॅरेजचं स्टिकर होतं. तिथला म्हातारा मिस्त्री बोलावून घेतला. दुपारी तपासल्याचं ऐकून तो म्हणाला, "गरम गाडी काय सांगणार, साहेब? रातभर उभी राहिली की गिअरबॉक्सचं तेल खाली उतरतंय. सकाळी आत दाब धरायला टाइम लागतो. तेवढ्यात रेस दिली की धरताना उडी मारणारच." त्याने तेलाची पट्टी ओढून माझ्या नाकाशी धरली. तेल कमी, काळं आणि जळका वास. "उन्हाळ्यातच अप्पांना सांगितलं हुतं, ही चालवू नका म्हणून."

आता मी हटून बसलो. सलग तीन दिवस सकाळी, रिकाम्या आवारात, पंचांसमोर, घड्याळ हातात घेऊन गिअर टाकला. चार-पाच सेकंदांच्या आत तो एकदाही धरला नाही. दुपारी तीच गाडी लोण्यासारखी चाले. मोटार वाहन निरीक्षकांना सकाळी ठाण्यावरच बोलावलं. ते नाखुशीने आले, पण गिअरबॉक्समध्ये दोष असल्याचा नवा अहवाल दिला.

मग ड्रायव्हरला समोर बसवून पहिल्यांदा गाडीबद्दल विचारलं. 

"गाडीचा बिघाड कुणाला सांगायचा न्हाई, अशी अप्पांनी शपथ घातलती. दसऱ्याला भोकरचं गिऱ्हाईक गाडी नेणार व्हतं. माझी आई दवाखान्यात व्हती तवा अप्पाच धावले, साहेब."

"आणि तुझ्याविरुद्ध फिर्याद अप्पांचीच आहे, हे माहीत असून गप्प बसलास?"

"हाव."

जिवे मारण्याच्या प्रयत्नाचं मोठं कलम गळालं. निष्काळजीपणाचं राहिलं, आणि आरोपींत अप्पांचंही नाव आलं. जबाब वाचून दाखवला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "एक राहिलं, साहेब. मी रोज सकाळी गिअर टाकून धा मोजायचो, मंगच पाय द्यायचो. त्या दिवशी अप्पा म्हणले, मुहूर्त चालला, दाब. म्या मोजलं न्हाई. ते बी लिवा."

"हे लिहिलं तर तुझ्याच अंगावर येईल."

"येऊ द्या. पाय मुनीमकाकांचा गेलाय."

अपघात ज्या वेळी झाला त्याच वेळी, तशाच थंड गाडीची तपासणी करा, हे मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला बजावत आलो. माझी चूक सांगूनच बजावत आलो. पण ज्याला मी खुनशी ठरवून मोकळा झालो होतो, तो स्वतःची चूक कागदावर यावी म्हणून अडून बसला होता. त्याने मोजलं नाही, हे वाक्य मी लेखनिकाला लिहायला दिलं नाही. माझ्या हाताने लिहिलं, आणि लिहिताना त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.