विहिरीतली बरणी

शिळ्या अन्नावर चिडणारी माणसं घरोघरी असतात, पण आमच्या ह्यांच्या मामांनी शिळेपणाशी जसं उघड युद्ध पुकारलं होतं तसं सातारा-सांगलीच्या मुलखात आणखी कुणी पुकारलं असेल असं मला वाटत नाही. खरं युद्ध ते नुकतंच करून आले होते. महायुद्धात फौजेच्या खेचरांच्या कंपनीत हवालदार असताना पॅलेस्टाईनकडे त्यांचा पाय मोडला, आणि तिकडची लढाई संपायच्या आतच ते कुंडलला बहिणीकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, राहायला आले. बरोबर एक ट्रंक, एक काठी आणि हुम्मूस नावाच्या पदार्थाचं वेड. मी तेव्हा साताऱ्याच्या पेठेतून आलेली नवी सून, सातवी पास, आणि आपल्याला न येणारा पदार्थ जगात नाही अशा समजुतीची. त्या समजुतीचे पहिले तीन तेरा मामांनी वाजवले. हुम्मूस म्हणजे हरभरे रात्रभर भिजवून लगदा होईतो शिजवायचे, एकेकाचं साल सोलायचं, भाजलेले तीळ तेल सुटेपर्यंत पाट्यावर वाटायचे, मग लिंबू, लसूण, मीठ घालून पुन्हा सगळं लोण्यासारखं वाटायचं. मी सवयीनं हळदीच्या डब्याकडे हात नेला की दारातून आवाज यायचा, "हात आवर सूनबाई. हळद न्हाई, तिखट न्हाई." सासूबाई पहिला घास घेऊन म्हणाल्या होत्या, "दादा, आजाऱ्याचं जेवन हाय व्हय रं ह्ये?"

हे सगळं कुणासाठी चाललंय ते घरात सर्वांना ठाऊक होतं. मामांच्या कंपनीत जतकडचा एक धनगराचा मुलगा होता, बिराप्पा. मेंढरांत वाढलेला, त्यामुळे खेचरं त्याचं ऐकत आणि मामांचं ऐकत नसत. सुट्टीच्या दिवशी दोघं तिथल्या बाजारात एका म्हाताऱ्याच्या दुकानात बसून हुम्मूस आणि रोटी खात. मामांना जखमींच्या गाडीत घातलं तेव्हा तो म्हणाला होता, "हवालदार, तुमी घरी बनवून ठेवा. मी गावाकडं जाताना आदी तुमच्या दारात येतो." मग कंपनी तिथून समुद्रापलीकडच्या आघाडीवर गेली आणि बिराप्पा बेपत्ता झाला. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे, असं मामा सांगत. आम्ही माना डोलवत असू. तो कोणत्या दिवशी दारात उभा राहील ते ठाऊक नसल्यामुळे घरात हुम्मूस रोज हवं, ताजं हवं. आणि हरभरे-तीळ काही रोज मिळत नसत, माझं मनगटही रोज मिळत नसे. तेव्हा केलेलं टिकवायचं कसं, एवढाच प्रश्न मामांच्या आयुष्यात उरला.

त्यासाठी त्यांनी जे केलं ते पाहून कुणी हसावं की गप्प बसावं, हे मला आजही सांगता येत नाही. चिनी मातीची बरणी उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात इतकी वाळवत की ती तडकेल अशी धास्ती वाटे. हुम्मूस काठोकाठ दाबून भरायचं, आत वारा राहू द्यायचा नाही, वर करडईचं तेल उभं राहील इतकं ओतायचं. "तिकडं झैतुनाचं आसतंय," हे ऑलिव्हच्या तेलाबद्दलचं वाक्य तेल ओतताना दरवेळी म्हणायचं. मग तोंडाला फडक्याचा दादरा बांधून बरणी शिंकाळ्यात घालून कासऱ्यानं परसातल्या विहिरीत सोडायची, पाण्याला टेकणार नाही पण गारवा लागेल इतकी खाली. कासऱ्याला कुणी हात लावायचा नाही. एकदा शेजारच्या काकूंनी आपली घागर समजून बरणीच ओढून काढली आणि आत डोकावून, "आवं, हिच्यात कुणीतरी चुना भरलाय!" म्हणून आळी गोळा केली. घरात ओला चमचा दिसला तर मामा असे ताठ होत, जणू पहाऱ्यावरचा शिपाई झोपलेला सापडला. रोज सकाळी बरणी वर यायची, मामा डोळे मिटून वास घ्यायचे आणि आम्ही निकालाची वाट पाहत उभ्या. "हाय अजून," असं म्हणाले की दिवस बरा जायचा. आंबलं असलं की बरणी म्हशीच्या आंबोणात रिकामी करायचे, आणि मग दोन दिवस आमच्या चहाला लसणाचा वास.

अशाच एका उन्हाळ्यात, मामा तालुक्याला गेलेले असताना, माझ्यातली सुगरण जागी झाली. आपल्याकडे पदार्थ टिकवायचा तर काय करतात? फोडणी! मी तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता तडतडवला, बरणीतलं सगळं त्यात परतलं, आणि वर वाफ आणली. वास असा सुटला की सासूबाईंनी आपणहून भाकरी थापली. संध्याकाळी मामा आले. मी मोठ्या कौतुकानं बरणी पुढे केली आणि म्हटलं, "मामा, आता हे आठवडाभर हलत नाही." मला वाटलं ओरडतील. त्यांनी कोरड्या चमच्यानं चाखून पाहिलं आणि काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. म्हणाले, "चांगलं झालंय गं. पन आता ह्ये आपलं झालं. त्यो वळखायचा न्हाई." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सासूबाईंना मात्र गेलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यातच, कृष्णाकाठी मेंढरं घेऊन उतरलेल्या धनगरांबरोबर एक म्हातारी विचारत विचारत आमच्या दारात आली. खांद्यावर नवं घोंगडं. तिनं मामांकडे बघितलं, घराच्या आत बघितलं आणि विचारलं, "माजा बिरा हितं हाय का?"

मामा उभे राहिले. "न्हाई, अव्वा. आला न्हाई."

"तुमाला ठावं आसंल म्हनून आले. लई नाव काडायचा तुमचं."

मामांना ठाऊक असेल म्हणून ती इतकं चालून आली होती, आणि मामा इतकी वर्षं बिराप्पाच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. दोघांकडेही दुसऱ्याला द्यायला काही नव्हतं. मामा एवढंच म्हणाले, "सूनबाई, बरणी काढ."

म्हातारीनं भाकरीला लावून घास घेतला. तोंड वाकडं केलं. "मीठ कमी हाय."

"तिकडं आसंच आसतंय."

"ह्ये खात हुता माजा बिरा?"

"खात हुता म्हंजे? भाकर पुरायची न्हाई त्याला."

मग तिनं ताटलीतलं सगळं खाल्लं, बोटानं निपटून. पदराला हात पुसत म्हणाली, "त्याच्या बाऽला न्हेऊ का वाईच? म्हातारा उटत न्हाई आता. किती दिस टिकंल?"

ज्या प्रश्नावर मामांनी आयुष्याची ही सगळी वर्षं घालवली होती, तो कुणीतरी पहिल्यांदाच त्यांना विचारला होता. त्यांनी त्याच रात्री हरभरे भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला पाट्याशी बसवलं. वाटेत आंबू नये म्हणून लिंबू दुप्पट, लसूण मुळीच नाही. तो खायच्या वेळी घालायला वेगळा पुरचुंडीत बांधला. बरणी काठोकाठ भरली, तेल ओतलं, दादरा बांधला, ती ओल्या वाळूच्या टोपलीत रोवून वर भिजलं पोतं गुंडाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जतकडे परतणाऱ्या बैलगाडीत म्हातारीला बसवलं आणि गाडीवानाला असे हुकूम सोडले, की त्याला आपण दारूगोळा नेतोय असं वाटावं. "पानी दिसंल तितं पोतं भिजवायचं. वल्ला हात कुनाचा बी लागता कामा नये. उनात गाडी सोडायची न्हाई." जाताना म्हातारीनं घोंगडं मामांच्या ओट्यावर ठेवलं. मामा लंगडत गावाच्या शिवेपर्यंत गाडीमागे गेले.

त्यानंतर घरात हुम्मूस झालं नाही. बरणीच नव्हती. तरी मामा सकाळी विहिरीपाशी जाऊन कासऱ्याला हात लावून येत.

दिवाळीच्या सुमारास एक धनगर बरणी घेऊन आला. घासून लख्ख केलेली. भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत तिकडेही तीच, त्यामुळे आत हुलगे भरलेले. मामांनी पहिलं विचारलं, "आंबलं न्हवतं न्हवं?"

"न्हाई बा. वास बी न्हवता."

"म्हातारा काय म्हनला?"

"म्हनला, आमचं पोरगं उपाशी न्हाई गेलं."

मामांनी बरणीत हात घातला. ओला की कोरडा, ते पाहिलं नाही. मूठभर हुलगे काढून बराच वेळ तळहातावर फिरवत राहिले. मग बरणी माझ्याकडे दिली. "आमटी कर सूनबाई. फोडणी दे झनझनीत."

फोडणी करपली. त्या घरात माझ्या हातून कितीतरी पदार्थ बिघडले आणि त्या प्रत्येकाबद्दल मी ऐकून घेतलं आहे. त्या आमटीबद्दल कुणी काही बोललं नाही. मामा घोंगड्यावर बसून ताट पुसून जेवले, आणि उठताना विहिरीवरचा कासरा सोडून गोठ्यात नेऊन टांगून आले.